न्यू-च्याओशू : पाठशोधक की कलावंतीण?

प्रश्न असा आहे : चिनी कवयित्री श्वे ताओ हिला 'न्यू-च्याओशू' म्हणत. मराठीत 'महिला मुद्रितशोधक' लिहिलं तर चालेल का?

नाही चालणार. थांग राजवटीतल्या दरबारी ग्रंथालयात मुद्रितं कुठली? सगळा हातानं उतरलेला मजकूर. 'च्याओ' म्हणजे ताडून पाहणं, 'शू' म्हणजे ग्रंथ. दोन प्रती शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर ताडायचं. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचं जे केलं, त्याच जातीचं काम. म्हणून 'पाठशोधक'. हुद्दा तसा सर्वांत खालच्या, नवव्या श्रेणीतला, पण मानाचा. बाय च्यूयी आणि युआन चेन या दोघा मोठ्या कवींची नोकरी तिथूनच सुरू झाली.

'न्यू' म्हणजे स्त्री, आणि खरी गोष्ट त्या 'न्यू'मध्ये आहे. श्वे ताओ अधिकाऱ्याची मुलगी. वडील गेले आणि चंगतू शहरात तिचं नाव सरकारी गाणारणींच्या यादीत चढलं. वेई गाओ हा तिथला सुभेदार (७८५ ते ८०५). त्यानं तिला हा हुद्दा देववायचं मनात आणलं, असं सांगतात. हुद्दा काही मिळाला नाही. लोकांनी मात्र नाव लावून टाकलं, आणि वांग च्येन या कवीनं ते कवितेत गुंफलं : वान्ली पुलाजवळची न्यू-च्याओशू, लोकाटच्या (हे एक फळझाड) फुलांत दार लावून राहते.

पुढे शब्दाची जी घसरण झाली ती बघण्यासारखी आहे. 'न्यू-च्याओशू' हे गणिकेचं सभ्य नाव झालं. ते बिचारं लोकाटसुद्धा सुटलं नाही, 'लोकाटची गल्ली' म्हणजे तिचा पत्ता! १९व्या शतकातल्या शांघायात तर 'न्यू'ही गळून पडला. गणिकेच्या नावापुढे नुसतं 'च्याओशू' लावत.

आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. 'कलावंत' म्हणा, शाल-श्रीफळ. 'कलावंतीण' म्हणा, की माणसं आवाज खाली आणतात. आता यात 'ईण' प्रत्ययाचा दोष म्हणावा, तर 'मास्तरीण', 'पाटलीण' खुशाल मिरवतातच की.

तेव्हा श्वे ताओबद्दल लिहिताना 'स्त्री-पाठशोधक' लिहा आणि कंसात 'मानानं म्हणत, नेमणूक नव्हे' एवढं टाका. मजकूर शांघायचा असेल, तर 'कलावंतीण' चपखल बसेल.