पहिल्यांदा मुळा लावताय? मग एवढं सांभाळा

नाशिकची थंडी मुळ्याला मानवते, त्यामुळे ऑक्टोबर ते डिसेंबरात सुरुवात करा. पहिल्या खेपेला ‘जपानी व्हाइट’ हे वाण घ्या. साधारण 55-60 दिवसांत तयार होतो. उन्हाळ्यात लावायचाच असेल तर ‘पुसा चेतकी’.

खरी मेहनत मातीत आहे. आपली काळी माती वाळली की दगड होते आणि मुळा वाकडा, दुफाटा निघतो. फूटभर खोल खणा, ढेकळं फोडा, खडे वेचा, वाळू आणि पूर्ण कुजलेलं शेणखत मिसळा. ताजं शेण नको, त्यानेही मुळांना फाटे फुटतात.

बी जागेवरच, सेंटीमीटरभर खोल टोका. रोप उपटून दुसरीकडे लावलं की मुळा बिघडलाच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- विरळणी टाळतात. दोन-तीन पानं आली की दोन रोपांत 12-15 सेंटीमीटर ठेवा, बाकीची उपटा. जीव तुटतो खरा, पण त्या कोवळ्या पाल्याची भाजी झकास होते.
- युरिया टाकतात. पाला माजतो, खाली शेपटी.
- कधी कोरडं, कधी चिखल. मग मुळा तडकतो.
- काढायला उशीर करतात. आत भेंड पडतं, म्हणजे मुळा आतून पोचट होतो.

एखादा फुलावर गेलाच तर राहू द्या, डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा मिळतील.