झेडपीच्या प्राथमिक शाळेत पीटीचा तास सुधारायचा तर पालकांनी सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न वाचला. गावातली पहिली ते पाचवीची झेडपीची शाळा, शिक्षक दोन, क्रीडाशिक्षक नाही, पीटीचा तास म्हणजे एक बॉल देऊन पोरं मैदानात सोडायची, आणि तुम्ही यंदा शाळा व्यवस्थापन समितीवर आलात तर नेमकं काय मागायचं. मी पण झेडपीचाच शिक्षक आहे, छोटे वर्ग घेतो, हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, क्रीडाशिक्षक मिळावा म्हणून अर्ज करत वर्ष घालवू नका. शिक्षण हक्क कायद्यात शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिकवणाऱ्याची, तरतूद आहे ती सहावी ते आठवीसाठी, तीसुद्धा पट 100 च्या वर असेल तर. पहिली ते पाचवीला तसं काहीच नाही, म्हणजे वर्गशिक्षकालाच हा तास घ्यायचाय. आणि खरं सांगतो, या वयाला कोच लागतच नाही. सहा ते दहा वर्षांच्या पोरांना धावणं, उडी मारणं, फेकणं, झेलणं, तोल सांभाळणं एवढं नीट आलं की पुढे कबड्डी खेळू देत नाहीतर क्रिकेट, पाया झालेला असतो.

आता तुम्ही एक करा, एक दिवस सरांना विचारून पीटीच्या तासाला जाऊन बसा आणि सगळ्यात चपळ पोर सोडून भलतंच एखादं, जरा मागे मागे राहणारं मूल निवडा आणि ते 35 मिनिटांत किती मिनिटं हललं ते घड्याळात बघा. बहुतेक शाळांत काय दिसतं सांगतो. रांगा लावायला, सावधान-विश्रामला सात-आठ मिनिटं जातात, मग दोन कॅप्टन आपापले गडी निवडतात, ते मूल सगळ्यात शेवटी उरतं, मग लंगडी सुरू होते आणि पहिल्या अर्ध्या मिनिटात तेच बाद होऊन रेषेबाहेर जाऊन बसतं ते डाव संपेपर्यंत. ज्याला पळायची सगळ्यात जास्त गरज तेच सगळ्यात जास्त वेळ बसून. खो-खोत पण तसंच, एक पळतो आणि आठ जण चौकात बसून खो मिळायची वाट बघतात, बाकीचा वर्ग मैदानाच्या कडेला. खो-खो वाईट आहे असं अजिबात म्हणत नाहीये, जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला पहिला वर्ल्डकप झाला तो आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी दोघांनीही जिंकला, दोन्ही कॅप्टन महाराष्ट्रातले, मला प्रचंड अभिमान आहे. पण तिसरीच्या 32 पोरांना एकाच मैदानावर तो मोठ्यांच्या नियमांनी खेळवला तर एका वेळी हलणारी पोरं चार-पाचच.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, या तासाचं माप म्हणजे प्रत्येक मूल किती मिनिटं हललं. त्यासाठी खेळ बदलायचे नाहीत, नियम बदलायचे. लंगडीत बाद झालेल्याने बाहेर जाऊन डाव्या पायावर पाच आणि उजव्या पायावर पाच उड्या मारायच्या आणि परत आत यायचं. राज्य एकावर न देता तिघांवर द्यायचं. एका मोठ्या चौकोनाऐवजी फक्कीने चार छोटे चौकोन आखायचे, आठ-आठ पोरं, चार डाव एकदम. गट कॅप्टनने निवडायचे नाहीत, सरांनी एक-दोन-तीन-चार मोजून पाडायचे, म्हणजे कोणी कच्चं लिंबू राहत नाही. सुरुवातीला गोंधळ होतो, ओरडाआरडा होतो, शेजारचा वर्ग वैतागतो, पण चौथ्या-पाचव्या तासापासून पोरं स्वतःच चौकोन धरून उभी राहतात.

साहित्याचं म्हणाल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून प्राथमिक शाळेला क्रीडा अनुदान 5,000 रुपये धरलेलं आहे, ते आलं का आणि त्यातून काय घेतलं हे समितीत विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कृपा करून त्यात एक क्रिकेट किट घेऊ नका, एक जण बॅटिंग करतो आणि बाकीचे उन्हात उभे. त्याऐवजी टेनिस बॉल दोन मुलांमागे एक येतील एवढे घ्या, दोरीउड्यांसाठी सुताचा दोर मीटरवर आणून कापा, रबरी रिंगा घ्या. जुने टायर गावात फुकट मिळतात. जुन्या कापडाच्या पिशव्या शिवून त्यात चिंचोके भरले की झेलायला शिकवायला यासारखं दुसरं काही नाही, हातातून घसरत नाहीत आणि लागतही नाहीत, बॉलला घाबरणारी मुलं आधी यावर शिकतात.

दुसरं म्हणजे आठवड्यातल्या पीटीच्या तासांवर भागत नाही. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या मुलांना दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी म्हणते. स्कॉटलंडमध्ये स्टर्लिंगच्या एका प्राथमिक शाळेत एलेन वायली नावाच्या मुख्याध्यापिकेने 2012 मध्ये रोज 15 मिनिटं सगळ्या मुलांनी बाहेर पळायचं किंवा चालायचं असं सुरू केलं, शर्यत नाही, ड्रेस बदलायचा नाही, साहित्य नाही, आणि ते ‘डेली माइल’ म्हणून पुढे कितीतरी देशांत गेलं. आपल्याकडे परिपाठ झाला की लगेच हे सहज बसतं, मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा असतेच त्यामुळे उन्हाचा प्रश्न नाही, पावसाळ्यात व्हरांड्यात दोरीउड्या. फक्त खिचडी खाल्ल्यावर लगेच पळवू नका, आणि उपाशी आलेलं पोर कोण आहे ते आधी बघा.

मुलींचं वेगळं सांगतो कारण मीटिंगमध्ये हे कोणी बोलत नाही. तिसरी-चौथीपासून मुली स्कर्टमुळे उडी मारायला संकोचतात, सर दटावतात की उत्साह नाही म्हणून. स्कर्टखाली लेगिंग्ज किंवा हाफ पँट चालेल असं शाळेने नुसतं जाहीर केलं तरी फरक पडतो.

आणि दोन गोष्टींवर अडून बसा. मैदानाला राउंड मारणं आणि उठाबशा या शिक्षा म्हणून द्यायच्या नाहीत, ज्याला पळणं म्हणजे शिक्षा असं वाटलं ते मूल मोठेपणी कशाला पळेल. आणि दंगा केला म्हणून किंवा शिष्यवृत्तीचे जादा तास घ्यायचेत म्हणून पीटीचा तास कापायचा नाही.

केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, स्पर्धा चालू राहू देत, निवडलेल्या पोरांची तयारी करा, पण त्या महिन्यात बाकीच्यांचं मैदान बंद होता कामा नये.

समितीच्या मीटिंगमध्ये सरांना उलटतपासणी घेतल्यासारखं विचारू नका, दोन शिक्षक पाच वर्ग सांभाळून ऑनलाइन माहित्या भरतायत, त्यांची दमछाक मला रोज दिसते. फक्की मारायला आणि पिशव्या शिवायला आठवड्यातून दोन पालक येतील असं तुम्ही आधी सांगा, मग रोजच्या 15 मिनिटांचा आणि क्रीडा अनुदानाचा विषय काढा, आणि जे ठरेल ते इतिवृत्तात लिहून शाळा विकास आराखड्यात घालून घ्या, म्हणजे उद्या सरांची बदली झाली तरी नवीन आलेल्यांसमोर ठेवता येतं.