नाळ कधी कापावी: ग्रामीण रुग्णालयात नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरला पत्र

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. बाळ जन्मल्यावर नाळ लगेच कापावी की थोडे थांबावे, हा तुझा प्रश्न आहे. तुझ्या प्रसूतिकक्षातल्या अनुभवी सिस्टर बाळाला आधी वॉर्मरवर (ऊब देणाऱ्या यंत्रावर) न्यायला सांगतात, थांबल्याने कावीळ वाढेल अशी बालरोगतज्ज्ञांना काळजी वाटते आणि तू वाचलेली मार्गदर्शक तत्त्वे थांबायला सांगतात, त्यामुळे तू अडचणीत आली आहेस. माझे मत आधीच स्पष्ट लिहिते. बाळ रडले असेल, त्याचा श्वास नीट चालू असेल आणि आईची प्रकृती स्थिर असेल, तर किमान एक मिनिट आणि शक्यतो तीन मिनिटे थांबावेच. थांबणे हा नियम आणि लगेच कापणे हा अपवाद. हे अपवाद कोणते, ते मात्र प्रसूतीच्या आधीच ठरलेले असले पाहिजेत, कारण बाळ हातात आल्यावर विचार करायला कोणालाच सवड नसते.

जन्माच्या वेळी बाळ आणि वार (प्लासेंटा, म्हणजे नाळेचे दुसरे टोक जिथे जोडलेले असते तो भाग) यांच्यात मिळून जेवढे रक्त असते, त्याचा साधारण तिसरा हिस्सा वारेत असतो. नाळ तशीच ठेवली, तर पूर्ण दिवसांच्या बाळाला पहिल्या मिनिटात सुमारे ८० मिलिलिटर आणि तीन मिनिटांत सुमारे १०० मिलिलिटर रक्त मिळते. तीन किलोच्या बाळाच्या अंगात एकूण रक्त किती असते हे तुला ठाऊक आहे, म्हणजे हा वाटा किती मोठा आहे ते तुझ्या लक्षात येईल. त्या रक्तातून बाळाला वजनाच्या दर किलोमागे ४० ते ५० मिलिग्रॅम लोह मिळते. आईच्या दुधात लोह फार थोडे असते, त्यामुळे पहिले सहा महिने बाळाला मुख्यतः जन्मताना मिळालेल्या साठ्यावरच काढावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुले रक्तक्षयी आढळली आणि महाराष्ट्राचा आकडाही त्याहून बरा नाही. आपल्या आया स्वतःच रक्तक्षयाने बेजार असतात. अशा घरात जन्मणाऱ्या बाळाच्या हक्काचे लोह आपण वारेसोबत टाकून द्यावे, हे मला पटत नाही. ॲनिमियामुक्त भारत या कार्यक्रमातही नाळ उशिरा कापण्याचा समावेश आहे तो याच कारणाने.

स्वीडनमध्ये ४०० बाळांचा एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. तिथल्या आया सुपोषित, तरीही नाळ लगेच कापलेल्या बाळांपैकी ५.७ टक्के बाळांत चौथ्या महिन्यात लोहाची कमतरता आढळली, आणि तीन मिनिटे थांबून कापलेल्या बाळांत ती ०.६ टक्क्यांवर होती. नेपाळमधला २०१७ चा अभ्यास मला आपल्या परिस्थितीच्या अधिक जवळचा वाटतो. तिथे आठव्या महिन्यात रक्तक्षयाचे प्रमाण लगेच नाळ कापलेल्या गटात ८२ टक्के आणि थांबून कापलेल्या गटात ७३ टक्के होते. म्हणजे केवळ थांबल्याने रक्तक्षय संपत नाही, पण बिनखर्चाच्या तीन मिनिटांत एवढा फरक पडतो.

कमी दिवसांच्या बाळांच्या बाबतीत तर हा जिवाचा प्रश्न आहे. अनेक चाचण्यांतल्या बाळांची माहिती एकत्र करून २०२३ साली जे विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात नाळ लगेच कापलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांपैकी सुमारे ८ टक्के आणि थांबून कापलेल्यांपैकी सुमारे ६ टक्के दगावली. मात्र घाईच्या वेळी नाळ बोटांनी दाबत रक्त बाळाकडे सरकवण्याचा मोह २८ आठवड्यांच्या आतल्या बाळात कटाक्षाने टाळ. त्या वयात मेंदूतल्या गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण इतके वाढलेले दिसले की त्या वयोगटापुरती ही पद्धत तपासणारी चाचणी मध्येच थांबवावी लागली.

आता अपवाद. वार अवेळी सुटल्यामुळे किंवा गर्भाशयात खाली असल्यामुळे आईला जोराचा रक्तस्राव होत असेल, नाळ तुटली असेल, एकाच वारेवरची जुळी असतील, किंवा आईची स्वतःची प्रकृती ढासळत असेल, तर थांबू नये. आईला एचआयव्ही आहे, हे मात्र घाईचे कारण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने ते स्पष्ट सांगितले आहे. बाळ रडले नाही, तर आईच्या पोटावरच त्याला कोरडे कर, पाठ चोळ, आणि तरीही श्वास सुरू झाला नाही तर नाळ कापून वॉर्मरवर ने, कारण पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने श्वास देणे सुरू झाले पाहिजे. नाळ न कापता आईशेजारीच श्वास देता येतो, पण त्यासाठी तशी सामग्री आणि सराव झालेला हात लागतो. तुझ्याकडे ते दोन्ही येईपर्यंत हा प्रयोग करू नकोस.

प्रत्यक्षात करायचे कसे, हे तू विचारले आहेस. बाळ बाहेर येताच ते आईच्या पोटावर ऊबदार कापडात घे, पुसून ओले कापड काढ, दुसऱ्या कोरड्या कापडाने झाक, टोपी घाल. बाळ आईच्या पातळीखाली धरण्याची गरज नाही. पोटावर ठेवल्याने रक्त कमी मिळत नाही, हे अर्जेंटिनातल्या चाचणीत दिसले आहे. त्याच वेळी दुसऱ्या सिस्टरने पहिल्या मिनिटात ऑक्सिटोसिनचे (गर्भाशय आकुंचन पाववणाऱ्या औषधाचे) १० युनिटचे इंजेक्शन आईला द्यावे. नाळ लगेच कापणे हे आईचा रक्तस्राव टाळण्याच्या उपायांतलेच एक मानले जाई. प्रत्यक्षात ते काम ऑक्सिटोसिन करते, आणि नाळ उशिरा कापल्याने आईचा रक्तस्राव वाढत नाही.

मग नाळ नुसती बोटांत धरून ठेव. सुरुवातीला ती जाड, निळसर, पीळदार असते आणि बोटांखाली ठोके लागतात. हळूहळू ठोके मंदावतात आणि ती पांढरी, चपटी, लुळी पडते. ठोके थांबले की कापावे असे पुष्कळ जण शिकवतात, पण ठोके रोहिण्यांचे असतात आणि बाळाकडे रक्त येते ते शिरेतून, तेव्हा भिस्त घड्याळावरच ठेव. आपल्या मनाने मोजलेले मिनिट नेहमी आखूड भरते, म्हणून सिस्टरने घड्याळ पाहून मोठ्याने वेळ सांगावी आणि केसपेपरवर नाळ कापल्याची वेळ नोंदवावी.

काविळीची शंका खोटी नाही. थांबून नाळ कापलेल्या बाळांत प्रकाशोपचार लागणाऱ्यांचे प्रमाण शंभरात सुमारे तीनवरून चारवर जाते. त्यावर उपाय म्हणजे बाळंतिणीला ४८ तासांआधी घरी न सोडणे, सोडताना बाळाची कातडी उजेडात पाहणे, आणि तिसऱ्या दिवशीच्या गृहभेटीत आशाताईंना कावीळ आवर्जून बघायला सांगणे. बालरोगतज्ज्ञांशी बोलताना त्यांची भीती उडवून लावू नकोस. ही व्यवस्था त्यांच्यासमोर मांड. माझ्या अनुभवात विरोध बहुधा तिथेच निवळतो.

नाळेतले रक्त खाजगी पेढीत साठवण्याचा करार करून येणारी जोडपी तुलाही भेटतील. थांबलो तर पेढीला रक्त कमी मिळते, हे त्यांना आधीच सांग. घरात कोणाला नाळेच्या रक्तातल्या मूळ पेशींची गरज असणारा आजार नसेल, तर ते रक्त बाळाच्या अंगात जाणेच बाळाच्या हिताचे आहे, असे मी निःसंकोच सांगते. आपल्याकडच्या सुइणीही वार पडेपर्यंत नाळ कापत नसत, ही आठवण घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना पटते. मात्र त्याच काळात अस्वच्छ पात्याने कापलेल्या नाळेतून धनुर्वात होऊन कितीतरी बाळे गेली, हे विसरून जुन्याचे गोडवे गाऊ नयेत.

सिझेरियनबद्दल तू काही लिहिले नाहीस, पण तिथेही थांबता येते. गर्भाशयाच्या कापलेल्या कडांवर चिमटे लावून रक्तस्राव आवरता येतो आणि एक मिनिट सहज मिळते. त्यासाठी भूलतज्ज्ञांची संमती आधी घ्यावी लागेल. पुढच्या नियोजित सिझेरियनच्या आदल्या दिवशी त्यांच्याशी बोलून घे आणि काय ठरले ते मला कळव.

तुझी,
मॅडम