शॉक टनेलमधलं तापमान : वाचकांचे प्रश्न

शॉक टनेलमध्ये थर्मोकपल का चालत नाही? लेझरचा खटाटोप कशाला? (विद्यार्थिनी, पुणे)

शॉक टनेल म्हणजे शॉक वेव्हनं (दाबाच्या अचानक लाटेनं) तापवलेला गॅस नोझलमधून, म्हणजे रुंदावत जाणाऱ्या तोंडातून, क्षणभर प्रचंड वेगानं सोडणारं यंत्र. थर्मोकपल म्हणजे तापमान मोजणारी धातूच्या तारांची जोडी. ती का चालत नाही, याला ‘वितळतं म्हणून’ हे नेहमीचं उत्तर. पण वितळायलाही वेळ लागतो. अमेरिकेतल्या कॅलटेक संस्थेच्या टी-५ या शॉक टनेलमध्ये चाचणीचा उपयोगी काळ जेमतेम एक-दोन मिलिसेकंद. तेवढ्यात तार गॅसइतकी तापतच नाही. शिवाय प्रवाहात तार धरली की तिच्यापुढे शॉक वेव्ह उभी राहते आणि तिथला गॅस अडून प्रचंड तापतो. सेकंदाला ५ किलोमीटर धावणाऱ्या हवेत किलोमागे १२.५ मेगाज्यूल गतिज ऊर्जा असते. म्हणजे तार फार तर स्वतःच तापवलेल्या गॅसची खबर देणार, मोकळ्या प्रवाहाची नाही. लेझरचा किरण प्रवाहाला धक्का लावत नाही.

हवा तर पारदर्शक. मग प्रकाश शोषतं कोण?

नायट्रोजन आणि ऑक्सिजन अवरक्त प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाहीत. पण नोझलच्या अलीकडे हवा काही हजार केल्विनला पोचते आणि दोघांपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं. नोझलमध्ये गॅस इतक्या झपाट्यानं पसरतो की नायट्रिक ऑक्साइडला परत मोडायला सवड मिळत नाही. त्याच्या शोषणरेषा, म्हणजे तो शोषतो त्या ठरावीक तरंगलांबी, ५.२ मायक्रॉनच्या आसपास आहेत. तिथे क्वांटम कॅस्केड लेझर (अवरक्त प्रकाश देणारा अर्धवाहक लेझर) वापरतात.

शोषणावरून तापमान कसं काढतात?

दोन रेषा निवडतात : एक कमी ऊर्जेच्या पातळीवरून सुरू होणारी, दुसरी जास्त ऊर्जेच्या. गॅस तापला की वरच्या पातळीतल्या रेणूंचा वाटा वाढतो आणि शोषणांचं गुणोत्तर बदलतं. गुणोत्तरच घेतल्यामुळे रेणू किती आणि किरणाची वाट किती लांब, हे दोन्ही कटून जातं. लेझरचा विद्युतप्रवाह कमीजास्त करून तरंगलांबी रेषेवरून फिरवतात. हे सेकंदाला २०,००० वेळा केलं, तर एका मिलिसेकंदात २० नोंदी.

एकाच गॅसची दोन तापमानं वाचली. छापायची चूक का?

नाही, आणि या विषयातली खरी गंमत तिथेच आहे. रेणू सरकतो, फिरतो आणि कंप पावतो. नोझलमध्ये सरकणं-फिरणं लगेच थंडावतं, कंपनाला मात्र टकरा पुरत नाहीत. ते मागेच, चढ्या तापमानाला गोठतं. दोन्ही रेषा एकाच कंपनपातळीवरच्या असतील तर फिरण्याचं तापमान मिळतं, वेगवेगळ्या पातळ्यांवरच्या असतील तर कंपनाचंही उतरतं. रेणू इकडेतिकडे धावत असल्यामुळे (डॉप्लर परिणामानं) रेषा रुंदावते, त्यावरून सरकण्याचं. म्हणून ‘कुठलं तापमान?’ हे न सांगता दिलेल्या आकड्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

किरणाच्या वाटेतला कडेचा गॅसही मोजला जात असेल ना?

जातोच. वाटेवरचं सगळं एकत्र जमा होतं, म्हणून कडेच्या थरांचा हिशेब वेगळा करावा लागतो. लेझरनं रेणू उद्दीपित करून त्यांची प्रतिदीप्ती, म्हणजे त्यांनी परत सोडलेला प्रकाश, टिपली तर ठरावीक जागेचं तापमान मिळतं. पण नेहमीच्या स्पंद लेझरनं (जो प्रकाश छोट्या झोतांत सोडतो) एका चाचणीत बहुधा एकच क्षण हाती लागतो.

आकडेमोड घरी करून पाहायची आहे. रेषांची माहिती कुठून घेऊ?

हायट्रॅन हा रेणूंच्या शोषणरेषांचा माहितीसंग्रह खुला आहे, पण त्यातले आकडे २९६ केल्विनला धरून दिलेले असतात आणि तापलेल्या गॅसच्या अनेक क्षीण रेषा त्यात नसतात. नायट्रिक ऑक्साइडसाठी थेट हायटेम्प हा तापलेल्या गॅससाठीचा संग्रह घ्या.