४५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर हातात धरून काढलेले फोटो हललेले का येतात? कॅमेऱ्यात दोष आहे का?

भाऊ, कॅमेरा परत करायला निघू नका. जुन्या २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर ८५ मिलिमीटरची लेन्स १/१०० सेकंदाच्या शटरला बिनधास्त चालायची, नव्यावर फोटो हलतो, असं तुम्ही लिहिलंय. हात पूर्वीही एवढाच हलत होता, आता तो दिसतोय.

फुल फ्रेम सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी फिल्मच्या फ्रेमएवढी चिप, ३६ मिलिमीटर रुंद. त्यात २४ मेगापिक्सेलला आडवे ६,००० च्या आसपास पिक्सेल बसतात, ४५ला ८,२०० च्या वर. जो धक्का आधी तीन पिक्सेलांवर पसरायचा, तो आता चारांवर पसरतो. तुम्ही शंभर टक्के मोठा करून पाहता, म्हणून डोळ्यात खुपतो. तोच फोटो ए-४ वर छापा, दोन्ही कॅमेऱ्यांत फरक दिसणार नाही. पण मोठी प्रिंट किंवा क्रॉप (फोटोतला कापलेला भाग) हवा असेल, तर 'फोकल लेंग्थ एवढा शटर स्पीड' (८५ मिलिमीटरच्या लेन्सला १/८५ सेकंद) हा फिल्मच्या काळातला हिशोब पुरत नाही. दुप्पट धरा, दमलेले असाल तर तिप्पट.

मला हे नागपूरच्या इतवारीत मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीत कळलं. पोळ्याचा दुसरा दिवस, तान्हा पोळा, आभाळ भरलेलं, अरुंद गल्ली. ट्रायपॉड सोडा, कोपर हलवायला जागा नव्हती. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) ८०० च्या वर न्यायचा नाही हा माझा हट्ट, म्हणून शटर १/१०० वर. घरी येऊन पिवळ्या मारबतीचा डोळा मोठा करून पाहिला, तर काजळाच्या एका रेघेच्या दोन झालेल्या, दोन्ही एकाच तिरक्या दिशेला. फार वाईट वाटलं, कारण मारबत पुन्हा वर्षभराने. आता १/३२० आणि ऑटो आयएसओ ६४०० पर्यंत मोकळा सोडतो. नॉइज (फोटोतले दाणे) नंतर बराच कमी करता येतो, हललेली रेघ पूर्ववत होत नाही.

बॉडीतल्या स्टॅबिलायझेशनवर भिस्त असेल तर एक ध्यानात घ्या: ते तुमचा हात सावरतं, समोर नाचणाऱ्या पोराला नाही. त्याच्यासाठी १/५०० लागतोच. आणि फोटोत दुसरं काहीतरी मागेपुढे साफ आलं असेल, तर तो हात हललेला नाही, फोकस चुकलाय.

बटण दाबू नका, बोट हळूच टेकवा. श्वास अर्धा सोडून थांबा, कोपरं बरगड्यांना लावा. तीन-तीन फ्रेम सलग घ्या. पहिल्यात बोटाचा धक्का असतो, मधली बहुतेक वेळा चांगली निघते.

रविवारी गच्चीवर जा. समोरच्या पाण्याच्या टाकीवरची अक्षरं १/६०, १/१२५, १/२०० आणि १/२५० वर दहा-दहा वेळा टिपा. ज्यावर दहातली नऊ साफ आली, तो तुमचा स्पीड. ८५ला माझा १/२०० निघाला, माझ्या भाच्याचा १/१२५.