वाचकांचे प्रश्न : रॉडचे मशीन विकावे का?

प्रश्न : तालुक्याच्या गावी माझे ग्रिल, गेट आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्याचे दुकान असून सगळे काम रॉडच्या इन्व्हर्टर वेल्डिंग मशीनवर चालते. पातळ चौकोनी पाइपला वारंवार भोक पडते. हे मशीन विकून सीओटू मशीन (रॉडऐवजी तार आणि सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड वायू वापरणारे) घ्यावे का? स्टेनलेस स्टीलचे रेलिंग त्यावर होईल का? – एक वाचक, जि. सोलापूर

उत्तर : सीओटू मशीन जरूर घ्यावे, जुने मात्र विकू नये. धातू दोन्हींत आर्कच, म्हणजे विजेची प्रखर ज्योतच वितळवते, फरक आहे तो वितळलेल्या धातूचे हवेपासून रक्षण कसे होते यात. रॉडवरचा लेप जळून वायू आणि स्लॅग (जोडावर जमणारे कडक कवच) तयार होतो, त्यामुळे शेतात उघड्यावरही ट्रॉली जोडता येते. सीओटूचा वायू सिलिंडरमधून येत असल्याने पंख्याच्या झोतानेही तो उडून जातो आणि जोडात बारीक छिद्रे राहतात.

16 गेजचा पाइप जेमतेम 1.6 मिमी जाड, त्यावर 3.15 मिमीचा रॉड लावला तर भोक पडणारच. आधी 2.5 मिमीचा रॉड घेऊन 60–70 अँपिअरवर थांबत थांबत टाके मारून पाहावेत. रोजच्या कामाला मात्र 0.8 मिमी तारेचे सीओटू मशीन सोयीचे, कारण रॉड बदलणे आणि स्लॅग ठोकून काढणे दोन्ही वाचते.

खरी फसगत जाड पट्टीवर होते. कमी करंटवर सीओटूचा जोड वरून देखणा दिसतो, पण खाली धातू एकजीव झालेलाच नसतो. भंगारातल्या दोन पट्ट्या एकाच बाजूने जोडून व्हाइसमध्ये धराव्यात आणि जोड उघडेल अशा दिशेने हातोडा मारावा. जोड सालीसारखा सुटून खाली पट्टीचा मूळ गुळगुळीत पृष्ठभाग दिसला, तर तो जोड ट्रॉलीच्या हुकाला चालणार नाही. हुकासाठी 7018 हा कमी हायड्रोजनचा मजबूत रॉडच वापरावा. त्याच्या लेपात ओलावा शिरला की हायड्रोजनमुळे जोडाशेजारी तडा जाऊ शकतो, म्हणून उघड्या पाकिटातले रॉड ओव्हनमध्ये 300 ते 350 अंशांवर तास-दोन तास भाजून घ्यावे लागतात. उन्हात ठेवून भागत नाही.

स्टेनलेस स्टीलला निव्वळ सीओटू वायू योग्य नाही, त्याने जोड काळवंडतो आणि त्यात कार्बन वाढतो. चकचकीत रेलिंगसाठी आर्गॉन वायूवर चालणारे टिग (न वितळणाऱ्या टंगस्टनच्या टोकाने केलेले) वेल्डिंग उत्तम, पण ते संथ आहे आणि हात बसायला वेळ लागतो. महिन्याला एखादेच रेलिंग येत असेल, तर 308एल हा स्टेनलेस स्टीलचा रॉड तुमच्या जुन्याच मशीनवर चालतो. फक्त घासून पॉलिश करण्याचे कष्ट वाढतात.