कॅशबॅक कार्ड : हाती येते किती आणि जाते किती?

कॅशबॅक देणाऱ्या क्रेडिट कार्डांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी पाच येथे घेतले आहेत. हिशेब कोणत्याही चलनात सारखाच लागतो, त्यामुळे रकमांपुढे चलनाचे नाव घातलेले नाही.

प्रश्न : माझ्याकडे १ टक्का कॅशबॅक देणारे विनाशुल्क कार्ड आहे. आता २ टक्के देणारे, १,००० वार्षिक शुल्काचे कार्ड सुचवले जात आहे. वर्षाला ५०,००० खर्च केला की शुल्क वसूल होते, असे विक्री प्रतिनिधी म्हणतो. माझा कार्डावरचा खर्च वर्षाला साधारण ८०,००० आहे. कार्ड घ्यावे का?

उत्तर : प्रतिनिधीचे गणित चुकीचे नाही, पण आपल्याकडे दुसरे कार्डच नाही असे धरून ते मांडले आहे. नव्या कार्डावर ८०,००० च्या खर्चाला १,६०० मिळतील, त्यातून शुल्क वजा जाता ६०० उरतील. जुन्या कार्डावर त्याच खर्चाला काहीही न भरता ८०० मिळत आहेत. म्हणजे दुप्पट दराचे कार्ड घेऊन आपण वर्षाला २०० गमवाल. शुल्क वसूल होण्याचा खरा आकडा काढताना नव्या कार्डाच्या पूर्ण दराने नव्हे, तर दोन्ही दरांतील फरकाने भागायला हवे. येथे तो फरक १ टक्का आहे, म्हणून बरोबरीची रेषा ५०,००० वर नसून १,००,००० वर येते. त्यापुढच्या दर १०,००० खर्चामागे केवळ १०० जास्तीचे मिळतील.

आणखी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. शुल्कावर कर लागत असल्यास १,००० च्या जागी करासहित रक्कम धरावी. तसेच पहिल्या वर्षी शुल्क माफ असेल, तर दुसऱ्या वर्षाचे शुल्क नेमके कोणत्या दिवशी आकारले जाणार आहे, याची नोंद आजच करून ठेवावी, कारण कार्ड बंद करायचे राहून गेले म्हणून शुल्क भरणाऱ्यांची संख्या कमी नाही.

प्रश्न : जाहिरातीत ५ टक्के कॅशबॅक होते. गेल्या महिन्यात १८,००० खर्च केले, तेव्हा ९०० अपेक्षित होते, प्रत्यक्षात ३४० जमा झाले. ही फसवणूक नाही का?

उत्तर : आपण पाठवलेल्या स्टेटमेंटवरून तसे दिसत नाही, मात्र जाहिरातीतला ठळक आकडा आणि खाली बारीक टाइपात छापलेली अट यांत जे अंतर असते, ते येथे पुरेपूर आहे. १८,००० पैकी ८,००० ऑनलाइन खरेदीचे आहेत. त्यावर ५ टक्क्यांनी ४०० व्हायला हवे होते, पण या गटाला महिन्याला ३०० ची कमाल मर्यादा आहे, म्हणजे ६,००० च्या पुढील ऑनलाइन खरेदीला काहीच मिळत नाही. विम्याचा हप्ता ६,००० होता आणि तो कॅशबॅकमधून वगळलेला आहे. उरलेल्या ४,००० वर १ टक्क्याने ४० मिळाले. एकूण ३४०, म्हणजे प्रत्यक्ष दर १.९ टक्क्यांच्या आत. कार्डांची तुलना करताना जाहिरातीतला दर बाजूला ठेवून, आपल्याच तीन महिन्यांच्या स्टेटमेंटवरून असा प्रत्यक्ष दर काढावा.

खरेदी कोणत्या गटात मोडते, हे आपण काय विकत घेतले यावर नव्हे, तर दुकानाला दिलेल्या चार अंकी मर्चंट कॅटेगरी कोडवर ठरते. पेट्रोल पंपाच्या आवारातल्या दुकानात घेतलेला किराणा कित्येकदा इंधन म्हणून नोंदला जातो तो यामुळेच. वस्तू परत केली, तर तिच्यावर मिळालेला कॅशबॅकही पुढच्या स्टेटमेंटमध्ये वजा होतो.

प्रश्न : ३०,००० च्या बिलापैकी २७,००० वेळेत भरले, ३,००० राहिले. उरलेल्या रकमेच्या मानाने व्याज फारच जास्त लागले. कॅशबॅक तरी हाती राहिला का?

उत्तर : नाही. बिल पूर्ण भरले नाही की व्याजमुक्त कालावधीची सवलत संपते, आणि अनेक कार्डांच्या अटींनुसार व्याज उरलेल्या ३,००० वर नव्हे, तर संपूर्ण ३०,००० वर, प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून मोजले जाते. महिनाभर विखुरलेली खरेदी आणि भरणा यांत सरासरी ३५ दिवसांचे अंतर धरले, तर महिना ३ टक्के दराने हे व्याज सुमारे १,०५० होते. त्याच ३०,००० वर दीड टक्का दराने मिळालेला कॅशबॅक ४५० आहे. याशिवाय थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज चढते, हे बहुतेकांना पुढचे बिल हाती पडल्यावरच कळते.

महिना ३ टक्के ऐकायला किरकोळ वाटते, पण चक्रवाढीने त्याचे वर्षाला ४२ टक्क्यांहून अधिक होतात. किमान देय रक्कम भरल्याने विलंब शुल्क टळते, व्याज टळत नाही. केवळ किमान रक्कम भरत राहिल्यास कर्ज फिटायला किती काळ लागेल, हे स्टेटमेंटवर छापण्याचे बंधन अमेरिकेने २००९ च्या कायद्याने घातले, ते याच गैरसमजामुळे. माझ्या मते, ज्यांची थकबाकी एका तरी बिलातून दुसऱ्या बिलात जाते, त्यांनी कॅशबॅकचा विचारच करू नये. त्यांनी कमी व्याजाचे कार्ड शोधावे. बाकीच्यांनी किमान रकमेचा नव्हे, तर पूर्ण बिलाचा ऑटो-डेबिट लावावा. मी स्वतः तो लावला, तो एकदा देय तारीख एका दिवसाने चुकवून वर्षभराच्या कॅशबॅकवर पाणी सोडल्यानंतरच.

प्रश्न : कंपनी हा पैसा देते कुठून? आणि काही दुकानदार कार्डावर वेगळा अधिभार मागतात, तो द्यावा का?

उत्तर : प्रत्येक व्यवहारामागे दुकानदार आपल्या बँकेला शुल्क देतो आणि त्यातला मोठा हिस्सा इंटरचेंज म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. कॅशबॅक मुख्यतः त्यातून आणि थकबाकीदारांच्या व्याजातून निघतो. युरोपीय संघाने २०१५ मध्ये ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांवरील इंटरचेंज व्यवहाराच्या ०.३ टक्क्यावर रोखले. एवढ्या कमाईतून कोणत्याही बँकेला दीड-दोन टक्के परत करणे परवडणारे नाही. अधिभाराचा निर्णय मात्र सरळ आहे. तो कॅशबॅकच्या दराइतका किंवा जास्त असेल, तर रोख अथवा डेबिट कार्डाने पैसे द्यावेत. हाच नियम परकीय चलनातील खरेदीवरच्या शुल्कालाही लागू आहे. एटीएममधून क्रेडिट कार्डावर रोख रक्कम काढणे तर टाळावेच, कारण त्यावर सहसा कॅशबॅक नसतो, शुल्क असते आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू होते.

प्रश्न : १,००० चे वार्षिक शुल्क माफ होण्यासाठी १२,००० चा खर्च कमी पडत आहे आणि वर्ष संपायला तीन आठवडे आहेत. काही खरेदी करून टाकावी का?

उत्तर : पुढच्या दोन महिन्यांत जे खर्च अटळच आहेत, ते या तीन आठवड्यांत उरकता येत असतील, तर अवश्य उरकावेत, फक्त ते माफीच्या अटीत मोजले जातात का, हे आधी पाहावे. गरज नसलेली १२,००० ची वस्तू १,००० वाचवण्यासाठी घेतली, तर ११,००० घरातून गेले. कार्ड हातात असले की हात सैल सुटतो, हे एमआयटीतील ड्राझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दिसले आहे. सामन्याच्या तिकिटांसाठी बोली लावताना, कार्डाने पैसे देण्यास सांगितलेल्यांनी रोखीने देणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट बोली लावली होती. म्हणून वर्ष संपताना कॅशबॅकच्या बेरजेबरोबरच, कार्ड घेण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या वर्षाचा एकूण घरखर्चही शेजारी मांडून पाहावा. महागाई धरूनही तो पाच टक्क्यांनी वाढलेला आढळला, तर दीड टक्क्याच्या परताव्याने तो भरून निघणार नाही, आणि अशा वेळी शुल्क माफ करून घेण्यापेक्षा कार्डच परत करणे बरे.